माळावर मोकळा सोडलेला कुत्रा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या टपालात यंदा एकच विषय वर आला. शहरातला कुत्रा गाडीत घालून माळावर नेला, लीश काढली आणि काही मिनिटांत बिनसलं. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं पशुवैद्यक आणि श्वानप्रशिक्षक यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : सासवडच्या पुढे आमची अडीच वर्षांची लॅब्रेडॉर मोकळी फिरत होती. समोर धनगराचा कळप आला आणि ती मेंढ्यांमागे सुटली. आम्ही हाका मारत मागे धावलो, तशी ती आणखी जोरात पळाली. एका मेंढीला दात लागले. घरी एका हाकेला येणारी कुत्री तिथे का आली नाही? (वाचक, पुणे)

घरातली हाक आणि माळावरची हाक ही कुत्र्याच्या लेखी एक नसते. घरी तुमच्या हाकेला स्पर्धा कोणाची? फार तर सोफ्याची. माळावर समोर तीसेक जिवंत चेंडू उधळले होते. त्यात तुम्ही ओरडत मागे धावलात, म्हणजे तिच्या हिशेबी शिकारीत सामील झालात. धावायचंच तर उलट दिशेने, तिचं नाव घेत. तेही पाठलाग सुरू व्हायच्या आधी. कुत्रा पळण्यापूर्वी दोन-तीन सेकंद थबकतो: तोंड मिटतं, मान खाली जाते, नजर एका जागी खिळते. हाक मारायची ती तेव्हा. पाठलाग सुरू झाल्यावर मारलेली हाक बहुधा वाया जाते. तशा दहा हाका वाया गेल्या की त्या शब्दाची किंमतच उरत नाही.

कळप अचानक येत नाही. दसरा-दिवाळीनंतर धनगर देशावरून कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे या दिवसांत माळ रिकामा असल्याचं गृहीतच धरू नका. ताज्या लेंड्या, शेतात लावलेली वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी), घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड यातलं काहीही दिसलं की लीश लावा. कळप दिसला की किमान २०० मीटर आधीच कुत्रा हातात हवा. कळपाची राखण करणारी कुत्री तुमच्या कुत्र्याला लांडग्यासारखंच वागवतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

दात लागलेली मेंढी ‘ठीक दिसते’ म्हणून सोडून जाऊ नका. लोकरीवर दोन बारीक भोकं दिसतात, पण आत कातडी मांसापासून सुटलेली असते आणि लोकरीखाली जखम चिघळून अळ्या पडतात. जखमेभोवतीची लोकर कापून ती स्वच्छ पाण्याने धुवा आणि १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवा. गाभण मेंढीचा नुसता पाठलाग झाला तरी ती गाभडू शकते (तिचा गर्भ पडू शकतो), म्हणून मेंढपाळाचा नंबर घेऊन पुढचे काही दिवस चौकशी करा. नुकसानभरपाईचं बोलणं तिथेच, त्याने विषय काढायच्या आधी करावं. कुत्रीला जंताचं औषधही वेळच्या वेळी द्या. मेंढ्यांच्या मेंदूत पाण्याचा फोड करून त्यांना गरगर फिरायला लावणारा फीतकृमी कुत्र्याच्या विष्ठेतूनच कुरणात पोचतो. त्यावर प्राझिक्वांटेल लागतं. सगळ्याच जंतगोळ्यांत ते नसतं, म्हणून वेष्टन वाचा.

आता शिकवण्याचं. दहा मीटरची सपाट पट्टीची लांब दोरी घ्या. आपोआप गुंडाळली जाणारी लीश इथे चालत नाही. दोरी गळपट्ट्याला नको, हार्नेसच्या (छातीभोवतीच्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या कडीला लावा, नाहीतर धावता कुत्रा दोरीच्या टोकाला पोचला की झटका मानेला बसतो. दोरीच्या शेवटी गाठ किंवा फास ठेवू नका, तो दगडात आणि घाणेरीच्या झुडपात अडकतो. हातात हातमोजे घाला, नायलॉन तळवा सोलून काढतं. हाकेसाठी एकच शब्द ठरवा आणि तो रागावण्यासाठी कधीही वापरू नका. आली की वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या आणि लगेच पुन्हा मोकळं सोडा. बहुतेक जण फक्त घरी निघताना हाक मारतात, मग ‘ये’ म्हणजे ‘मजा संपली’ असा अर्थ कुत्रा लावतो. फेरीत दहा हाका मारल्या तर नऊ वेळा परत सोडायचं. आधी घर, मग सोसायटीचं आवार, मग रिकामं मैदान, शेवटी लांबवर शेळ्या दिसतील असं रान. शेळ्या दिसत असताना, दोरीवर, दहापैकी नऊ वेळा पहिल्या हाकेला आली तरच दोरी काढण्याचा विचार करा. काही कुत्रे, विशेषतः बीगल आणि कारवानी, तिथवर कधीच पोचत नाहीत. त्यांना आयुष्यभर लांब दोरी लावली तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : आमचा देशी कुत्रा बांधावरच्या गवतात तोंड घालून किंचाळत मागे आला. नाकाडावर दोन टोचे होते, अर्ध्या तासात तोंड दुप्पट सुजलं. गावात कोणी वर घट्ट दोरी बांधा म्हणे, कोणी चिरा द्या. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती. नेमकं काय करायचं असतं? (वाचक, सातारा)

इतक्या लवकर वाढणारी सूज आणि वेदना घोणस किंवा फुरशाकडे बोट दाखवतात. नागाच्या दंशातही सूज येते, पण त्यासोबत लाळ गळणं, पापण्या मिटणं, मागचे पाय लटपटणं आणि पुढे श्वास मंदावणं दिसतं. मण्यारीच्या दंशात जागेवर जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून तो सर्वांत फसवा.

पहिलं काम गळपट्टा काढण्याचं. तोंडाची सूज गळ्यावर उतरली की तोच पट्टा फास होतो. मग कुत्र्याला उचला. चालवत नेऊ नका, चालण्याने विष लवकर पसरतं. दोरी, चिरा, चोखणं, बर्फ, पोटॅशियम परमँगनेट यातलं काहीही नको. घरातली दुखण्याची गोळी तर अजिबात नको. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन रक्तस्राव वाढवतात, पॅरासिटामॉल कुत्र्याला विषारी ठरू शकतं. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. लांबून फोटो मिळाला तर घ्या, नाहीतर सोडा, लक्षणांवरूनही उपचार होतात.

गाडीत बसल्या बसल्या फोन करायला लागा, आणि ‘डॉक्टर आहेत का’ याआधी ‘सर्पदंशाची लस आहे का’ हे विचारा. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. कुत्र्यालाही तीच लागते, त्यामुळे दवाखान्यात नसेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मोठ्या औषधाच्या दुकानात शोधता येते. डोस वजनावर ठरत नाही. कुत्रा लहान म्हणून साप कमी विष सोडत नाही, तेव्हा ‘बारा किलोचा आहे, एक कुपी पुरे’ हे गणित चुकीचं. कुत्र्याला लसीची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ती सलाईनमधून, अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवूनच द्यावी लागते. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर मात्र ही लस चालत नाही. तिथे उपचार लक्षणांप्रमाणे होतात.

साध्या दवाखान्यातही होणारी एक तपासणी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलि रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर ते गोठत नाही, म्हणजे विष अंगात काम करतंय. लस दिल्यावरही हीच तपासणी काही तासांनी पुन्हा करतात. रक्त गोठत नसताना स्नायूत कुठलंही इंजेक्शन देऊ देऊ नका, आत रक्ताची गाठ होते. पुढचे दोन-तीन दिवस लघवीचा रंग आणि प्रमाण पाहा. घोणशीच्या विषात मूत्रपिंडं उशिरा निकामी होऊ शकतात.

प्रश्न : फिरून आल्यापासून कुत्रा सारखं डोकं झटकतो. कानात गरम तेल घालू का? (वाचक, नाशिक)

नको. या महिन्यांत पहिला संशय कुसळावर घ्या. कुसळाचं टोक भाल्यासारखं आणि शेपटी पिळदार असते. ओल लागली की पीळ उलगडतो आणि बी स्क्रूसारखं आत शिरतं. त्यावरच्या केसांची दिशा अशी की ते मागे येत नाही. त्याने पडदा फाटला असेल तर तेल थेट मध्यकर्णात जातं. आजच डॉक्टरांकडून आत पाहून चिमट्याने काढून घ्या. एकाएकी लागलेल्या शिंका म्हणजे नाकात, बोटांच्या मधला न भरणारा फोड म्हणजे पंजात. बोटांमधले केस कापून ठेवा आणि गाडीत बसण्यापूर्वी कान, काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्या चाचपून घ्या. गोचीडही तेव्हाच सापडते.

प्रश्न : शेजारच्या वाडीत सुतळी बॉम्ब वाजला आणि मोकळा कुत्रा पळाला. आम्ही आठजण रात्री दोनपर्यंत हाका मारत रान तुडवत होतो. सापडला तिसऱ्या दिवशी, आम्ही सोडला होता तिथेच. आमचं काय चुकलं? (वाचक, चिपळूण)

आठजणांनी रान तुडवलं, हेच चुकलं. घाबरलेला कुत्रा ओळखीचा आवाजही टाळतो, आणि सगळीकडे तुमचा वास पसरला की परतीचा माग गोंधळतो. बरेच कुत्रे आल्या वाटेने परततात. जिथून पळाला तिथे अंगातला न धुतलेला सदरा आणि पाणी ठेवा, एकाने तिथेच गुपचूप बसा. कुत्रा दिसला तर त्याच्याकडे चालत जाऊ नका. पाठ करून खाली बसा, खाऊ बाजूला टाका.

बाकीच्यांनी माणसांना गाठावं. पहाटे दूध संकलन केंद्रावर फोटो द्या, आसपासच्या वस्तीतले सगळे तिथे येतात. पोलीस पाटलांना सांगा. मग कठडा नसलेल्या विहिरी आणि दगडखाणी बघा. विहिरीत असेल तर आत उडी मारू नका. कुत्रा बुडतो तो दमून, म्हणून आधी दोरीला बांधलेला टायर किंवा फळी सोडा, म्हणजे पुढचे पाय टेकायला मिळतील. मग चारही कोपऱ्यांना दोर बांधून बाज सोडायची. बिबट्यालाही तसंच काढतात. शेताच्या कडेच्या झुडपातून कण्हण्याचा आवाज आला तर डुकरासाठी लावलेल्या फासकीचा संशय घ्या. कुत्रा ओढू नका, तार आणखी आवळते. आधी त्याच्या तोंडाला कापड बांधा, मग पक्कडीने तार तोडा. कुंपणाच्या तारेला चिकटलेला दिसला तर वीज बंद होईपर्यंत हात लावायचा नाही.

प्रश्न : सुप्याजवळच्या गवताळ रानात कुत्रा सशामागे धावला म्हणून वनरक्षकाने अडवलं. त्याने काही पकडलंही नव्हतं. हे योग्य का? (वाचक, बारामती)

योग्यच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पाठलाग करून पकडणं, हुसकावणं आणि त्याचा प्रयत्नही तीत येतो. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखलेलं आहे, आणि त्या पट्ट्यात लांडगेही आहेत. कुत्र्याकडून त्यांना डिस्टेंपर हा जीवघेणा विषाणूजन्य आजार लागू शकतो. टिटवीसारख्या पक्ष्यांची अंडी तर उघड्या जमिनीवरच असतात. कुत्र्याला मोकळं पळू द्यायचं असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याचं पीक काढलेलं, कुंपणाचं रान विचारून घ्या. आत सोडण्यापूर्वी एकदा कडेने चालून विहीर कुठे आहे आणि नुकतं थिमेटसारखं विषारी कीटकनाशक टाकलंय का, तेवढं पाहून या.