बालीत मुलांना नाच शिकवणार असशील तर

लेगाँग हा बालीचा पारंपरिक नाच शिकवायला घेतोयस, फार आनंद झाला. पण नुसतं पुढे उभं राहून नाचून दाखवू नकोस. तिथले जुने गुरू शिष्याच्या मागे उभे राहतात आणि मनगटं धरून त्याचे हात फिरवतात. चाल अंगात मुरते ती अशीच. आधी ‘आगेम’, म्हणजे मूळ पवित्रा, पक्का करून घे: गुडघे वाकलेले, कोपरं उचललेली. घाई करू नकोस. डोळ्यांची झटकन होणारी ‘सेलेदेत’ नंतर.

युनेस्कोने २०१५ मध्ये बालीचे तीन नृत्यप्रकार अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातलं रेजांग देवळातलं, ते हॉटेलात बसवायचं नाही.

आणि गामेलान, म्हणजे तिथला घंटा-झांजांचा वाद्यवृंद, शक्यतो प्रत्यक्षच हवं. वादक नर्तकाकडे बघून लय बदलतात, रेकॉर्डिंगमध्ये ते कुठून येणार? बंजारच्या, म्हणजे तिथल्या वस्तीच्या, वादकांची तालीम कधी असते, ते आधी विचार.