बाहेरच्या दणकट कामासाठी स्वस्तातला घडीचा चाकू कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की दोर, ताडपत्री, पाण्याचा पाइप, बोटाएवढ्या फांद्या असं सगळं कापायचं असतं, खर्च फार करायचा नाही, लॉक (उघडलेलं पातं जागी धरून ठेवणारी कळ) कसं असावं तेही विचारलंय, आणि जाड काळं पातं, अर्धी दातेरी धार, पाठीवर करवत असलेल्या एका ‘मिलिटरी टाइप’ चाकूवर मन बसलंय. तो घेऊ नका. खरं तर उत्तर इथेच संपलं. पण या विषयावर माझं आणि आमच्या दाजींचं जुनं भांडण आहे, त्यामुळे पुढचं लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी रोपवाटिकेत काम करते. चाकू सकाळी खिशात जातो तो संध्याकाळीच बाहेर ठेवला जातो. तरी घरात चाकूबद्दल काही विचारायचं झालं की सगळे दाजींना विचारतात, कारण दाजींकडे चाकूंचा एक अख्खा ड्रॉवर आहे आणि प्रत्येकाची माहिती तोंडपाठ. माझ्याकडे लाकडी मुठीचा, पातळ पात्याचा, कार्बन स्टीलचा एक चाकू. मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी, ती फिरवली की पातं पक्कं. दाजी त्याला ‘पेन्सिलीला टोक काढायचा चाकू’ म्हणतात. चारचौघांत म्हणतात.

एकदा वादळात आमच्या शेडची जाळी एका बाजूने सुटली आणि ओल्या दोरांनिशी खांबांना गुंडाळून बसली. खाली पाइप दबलेला, त्यातून पाणी चाललेलं. दाजी नेमके आलेले होते, मदतीला धावले. खिशातून चाकू काढला, बोटाने झटका दिला, खटकन् उघडला. आवाज भारी होता, हे मान्य. दोर त्यांनी कापले, तेही भराभर. दातेरी धार ओल्या नायलॉनला चांगली धरते. मग आला पाइप. जाड भिंतीचा काळा पाइप. पातं निम्म्यापर्यंत गेलं आणि तिथेच रुतलं. पाठ चार मिलिमीटर जाड, धारेपासून पाठीपर्यंतचा उतार एकदम उभा. असं पातं कापत नाही, पाचरीसारखं फाकवत बसतं. लाकडात ते चालेल, चिवट प्लास्टिक फाकतच नाही. दाजींनी जोर लावला, हलवून बाहेर काढलं आणि म्हणाले, ‘पाइपच भिकार आहे.’ मी माझा चाकू काढला आणि पाइप सरळ कापून मोकळा केला. यावर दाजी काहीच बोलले नाहीत. पेन्सिलीचं नावही निघालं नाही.

तिथे थांबले असते तर भांडण झालंच नसतं. पण जाळी खांबाला इंग्रजी ‘यू’सारख्या खिळ्यांनी ठोकलेली होती, आणि दाजींनी चाकूचं टोक खिळ्याखाली घालून खिळा उपटायला सुरुवात केली. मी म्हणाले, ‘दाजी, पक्कड आणते.’ ते म्हणाले, ‘हा चाकू त्यासाठीच असतो.’ पातं पिळलं गेलं, लॉक सरकलं आणि पातं मिटलं ते थेट तर्जनीवर. टाके पडले. बोट वाचलं, नीट वळतंही. पण घरी जाऊन त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी: चाकू स्वस्तातला होता म्हणून लॉक सुटलं. आणि बोट बरं व्हायच्या आत त्यांनी त्याहून महाग आणि त्याहून जाड चाकू घेतला. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत हा वाद होतो, आणि बोट त्यांचं असल्यामुळे सहानुभूती त्यांना मिळते.

आता लॉकचं ऐका, कारण तुमच्या प्रश्नात तेही आहे. त्या चाकूत लायनर लॉक होतं. मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते, पातं उघडलं की ती आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. आज दिसतो तो तिचा प्रकार अमेरिकेतल्या मायकेल वॉकर नावाच्या कारागिराने 1980 च्या दशकात रूढ केला. रचना वाईट नाही. पण कुठलंही लॉक कशासाठी असतं? पात्याच्या पाठीवर दाब आला तर ते बोटांवर मिटू नये, एवढ्यासाठी. बाजूने पिळायला ते बनवलेलंच नाही. घडीच्या चाकूत पातं आणि मूठ यांना जोडणारी वस्तू म्हणजे एक बारीक पिन. पात्याच्या टोकाला लावलेला जोर तिच्यावर कित्येक पटींनी येतो. वरून पट्टीखाली चिखल बसलेला असला की ती पूर्ण आत सरकतच नाही. महाग चाकूत हे बदलत नाही. महाग चाकूतही पिनच असते. म्हणून खिळे उपटणं, डबे उचकटणं, पाठीवर हातोडा मारून लाकूड फोडणं, हे घडीच्या चाकूचं काम नव्हे. तुमच्या ‘दणकट’ कामात हे येत असेल तर घडीचा चाकू नकोच; न मिटणारं, मुठीत पक्कं बसवलेलं पातं म्यानासकट घ्या. स्वीडनचे मोरा चाकू या प्रकारचे आणि स्वस्त आहेत. खिळे उपटायला, डबे उचकटायला सोबत एक छोटी पहार ठेवा.

घडीचाच हवा असेल तर मी ओपिनेल म्हणेन, 8 नंबरचा. फ्रान्सच्या साव्हॉयमध्ये जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये बनवायला घेतलेला हा शेतकऱ्यांचा चाकू. पातं साडेआठ सेंटिमीटर, पाठीलाही जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड, वजन 50 ग्रॅमच्या आत. ती फिरणारी कडी 1955 मध्ये आली. कडीत लपलेली स्प्रिंग नाही, पट्टी नाही. ती फिरली की नाही हे अंधारात अंगठ्यानेही कळतं. दोष एकच आणि तो प्रसिद्ध आहे: मूठ लाकडी असल्याने पाण्याने फुगते आणि पातं बाहेर यायला कुरकुरतं. मिटलेला चाकू मुठीच्या मागच्या टोकाने कशावर तरी ठोकला की पात्याचा कोपरा वर येतो. तिकडचे लोक वर्षानुवर्षं हेच करतात. कोरडा असताना मुठीच्या फटीत जवसाचं तेल किंवा मेण जिरवून ठेवलंत तर त्रास बराच कमी होतो. रोज पाण्यातच हात असेल तर मात्र हा चाकू नको. दाजींचा हा एक मुद्दा खरा आहे, एवढं मी लिहून देते.

मग व्हिक्टोरिनॉक्स बघा, अॅल्युमिनियमच्या खरबरीत मुठीचा ‘पायोनियर’ किंवा करवतवाला ‘फार्मर’. याच्या मोठ्या पात्याला लॉक नाही, फक्त पाठीमागे कडक स्प्रिंग. लॉक नाही म्हटलं की लोक घाबरतात. मला उलट वाटतं: लॉक नसलेला चाकू माणूस नीट धरतो. या कंपनीचं मोठं पातं धातूचा कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापात 56 च्या आसपास, करवत 53, स्प्रिंग 49. मोठ्या पात्याचाही आकडा मुद्दाम मध्यम ठेवलेला आहे. दगडावर आपटलं तर धार वळेल, तुकडा उडणार नाही, आणि वळलेली धार धार लावायच्या दगडावर पटकन परत येते.

स्टीलच्या नावांवरून दाजी तासभर बोलतात, मी थोडक्यात आटोपते. ‘सर्जिकल स्टील’ असं लिहिलेलं असेल तर डबा खाली ठेवा, त्या नावाची प्रत नसते. नुसतं ‘440’ लिहिलेलंही फसवं: ए, बी आणि सी अशा तीन प्रती आहेत, कार्बन तिन्हींत वेगळा, आणि सी असती तर त्यांनी ती ठळक अक्षरात छापली असती. 420 एचसी, 12 सी 27, 8 सीआर 13 एमओव्ही यांपैकी काही असेल तर डोळे मिटून घ्या. हल्ली स्वस्त चाकूंत डी 2 फार दिसतं. दीड टक्का कार्बन, धार खूप दिवस टिकते, पण गेली की साध्या दगडावर घाम फुटतो, आणि गंजतंही. साधं कार्बन स्टील तर ओलं ठेवलं की रातोरात लाल होतं. पुसून तेलाचा हात फिरवायची सवय नसेल तर स्टेनलेसच घ्या. कार्बनचं पातं वापरून करडं पडतं तो गंज नव्हे, घासून काढू नका.

धारेचा विषय मात्र तुम्ही विचारलाच नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. दाजींच्या ड्रॉवरमधल्या एकाही चाकूला त्यांनी स्वतः कधी धार लावलेली नाही. बोथट झाला की नवा येतो. तुमच्या बजेटचा एक भाग धार लावायच्या दगडासाठी काढून ठेवा: एका बाजूला 400, दुसऱ्या बाजूला 1000 ग्रिट (आकडा मोठा तितका दगड बारीक), एवढा पुरतो. पातं दगडाशी साधारण 20 अंशांत धरा आणि एका बाजूने घासत राहा, पलीकडच्या काठावर बोटाला खरखरीत बर (धारेवर वळून आलेली धातूची बारीक कड) लागेपर्यंत. ती पूर्ण लांबीभर आली की बाजू बदला. ती यायच्या आधी बाजू बदलणारेच ‘धार लागतच नाही’ म्हणतात. शेवटी बर जाईपर्यंत अगदी हलके हात, मग जुन्या चामडी पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे ठेवून ओढा. अर्धी दातेरी धार या दगडावर लागत नाही, तिला बारीक गोल कानस लागते. तुमच्या त्या आवडत्या चाकूला मी नको म्हणाले त्याचं हेही एक कारण. पाठीवरच्या करवतीबद्दल बोलायलाच नको. तिचे दाते एका रांगेत सरळ असतात, आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवलेले नसतात, म्हणून लाकडात अडकतात. आणि त्या पाठीवर अंगठा ठेवून जोर देता येत नाही.

चाकू हातात घेऊन बघायला मिळाला तर पातं उघडून टोक धरा आणि डावी-उजवीकडे हलवा, खुळखुळ नको. मग बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण काढून पाठ लाकडावर हलकेच दाबा, लॉक हललं की परत द्या. काळी मूठ गवतात पडली तर सापडत नाही; लाल, पिवळी, केशरी घ्या. चिखल झाला तर पाणी आणि जुना टूथब्रश, पूर्ण वाळवणं, पिनेपाशी तेलाचा एक थेंब.

दाजींच्या बाजूने राहिलेलं थोडं. तुमचं काम खरोखर फक्त ओले दोर कापायचं असेल तर पूर्ण दातेरी, बोथट टोकाचा चाकू माझ्या चाकूपेक्षा सरस ठरेल. पाठीवर लॉक असलेला, 1964 पासून बनणारा बक 110 सुद्धा मजबूत आहे, फक्त 200 ग्रॅमचं ओझं खिशात नको वाटतं आणि किंमत तुमच्या ‘स्वस्त’मध्ये बसेलच असं नाही. आणि कायदा बघून घ्या. ब्रिटनमध्ये लॉक नसलेला, 3 इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकूच कारण न देता जवळ बाळगता येतो. लॉकवाल्याला सबळ कारण लागतं. तुमच्याकडे नियम वेगळा असेल. विमानात हातातल्या सामानात नेऊ नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

तुम्ही डावखुरे असाल तर लायनर लॉक आधीच बाद करा, बहुतेकांची पट्टी उजव्या अंगठ्यासाठी असते. फिरत्या कडीला डावं-उजवं नसतं, आणि दाजी डावखुरे आहेत.