अर्धांगवायूनंतर बोलता येत नाही, मग अभंग कसा म्हणता येतो?

तासगावकडच्या एका वाचकाने वडिलांबद्दल हा प्रश्न विचारला आहे. आपल्या वडिलांना उजव्या अंगावरून वारे गेल्यापासून साधे पाणीही मागता येत नाही, पण भजनात बसले की ते अख्खा अभंग शब्दांसकट म्हणतात, हे सोंग मुळीच नाही. घरच्यांनी तसा संशय कृपया घेऊ नये. मनातला आशय शब्दांत मांडण्याचे काम बहुतेकांमध्ये मेंदूचा डावा अर्धगोल करतो, हे फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ पासून तपासलेल्या रुग्णांवरून पुढे आले, आणि उजव्या अंगाच्या हालचालीही तोच भाग सांभाळत असल्याने दोन्ही एकदम जातात. सूर-चालीत मात्र उजव्या अर्धगोलाचा मोठा वाटा असतो. शिवाय वर्षानुवर्षे पाठ असलेले शब्द एकामागून एक आपोआप येतात, ते नव्याने शोधावे लागत नाहीत. म्हणून अभंगातले ‘पाणी’ ओठांवर येते, तहान लागल्यावर येत नाही. नुसते भजन म्हणून बोलणे परत येईलच असे नाही. १९७३ पासून वापरात असलेल्या एका उपचारात ‘पाणी दे’ यांसारखी रोजची वाक्ये लयीत, डाव्या हाताने ताल देत म्हणवून घेतात. सांगली-मिरजेतील वाचा-उपचारतज्ज्ञांकडे याची चौकशी लवकर करावी.