लाल पेनानं मोजलेले झटके

"मॅडम, ह्याला झटके येतात."

मी समुपदेशक आहे. या वाक्यानं सुरू होणारा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, "फिटच आहे ना ही?" आणि मी दर वेळी आधी एवढंच विचारते, "झटका म्हणजे नेमकं काय होतं?" कारण आपल्याकडे झटका म्हणजे काहीही. हार्ट अटॅक आला तरी झटका, शेगडीचं बटण करंट मारत असलं तरी झटका, लाइट बिल बघूनही झटकाच. मान उडवणाऱ्या पोराला येतो तोही झटका आणि फिट येऊन पडलेल्या माणसाला येतो तोही. एकाच शब्दात इतकं कोंबल्यावर घाबरायला दुसरं कारण कशाला लागतं?

त्यातल्याच एका घराचं सांगते. आईची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण अथर्व म्हणू. वय ९, चौथीत. घर तासगावकडचं, एकत्र, द्राक्षबागेवर चालणारं.

पहिल्या दिवशी आई आली ती काखेत भिंतीवरच्या कॅलेंडरची गुंडाळी घेऊन. टेबलावर पसरली. तारखांच्या चौकोनात निळ्या पेनानं दुधाचा हिशेब होता, दीड, दीड, दोन, खाडा. त्याच चौकोनात खाली लाल आकडे. ३२. ४१. २७. ३८.

"हे काय?"

"झटके. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचे. शाळेतले धरलेले नाहीत."

आठ महिन्यांपूर्वी डोळे मिचकावण्यापासून सुरू झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, महिन्याभरात ते थांबलं. मग मान उजवीकडे उडायला लागली. मध्ये दोन आठवडे काहीच नाही. आता खांदा आणि नाक. शिवाय एकदा झोप लागता लागता अख्खं अंग उडालं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या की वर्गात तो कुठंतरी टक लावून बसतो.

ऐकता ऐकताच मला चित्र स्पष्ट दिसायला लागलं, आणि इथंच मी चुकले. फिट आहे की नाही हे ठरवणं माझं काम नव्हे, म्हणून मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली ते बरोबरच. पण देताना म्हणून गेले, "ताई, ह्या टिक्स दिसतात. घाबरण्यासारखं काही नाही." (टिक्स म्हणजे मुद्दाम न करता पुन्हा पुन्हा होणाऱ्या छोट्या हालचाली किंवा आवाज.) तिनं मान हलवली, कॅलेंडर गुंडाळलं आणि गेली. सहा आठवडे फिरकली नाही.

आली ती जाड फाइल घेऊन. मिरजेच्या डॉक्टरांनी मोबाइलवरचे व्हिडिओ नीट बघितले होते. बाईंच्या तक्रारीमुळे अथर्वच्या हातात कागदाचं भिरभिरं देऊन त्याला तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला लावलं होतं. तशा श्वासानं टक लावणारी फिट असेल तर बहुधा तिथंच उमटते. अथर्व दमला, हसला, हरवला मात्र नाही. झोप लागतानाचा तो एक हिसका सगळ्यांनाच कधी ना कधी येतो, असंही त्यांनी समजावलं होतं. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला. नॉर्मल. निदान टिक्स. तरी आई त्याला घेऊन पुण्याला गेली. पुन्हा ईईजी, वर एमआरआय. सगळं नॉर्मल.

"मग आता?"

"अजून एखादी टेस्ट असेल ना, मॅडम?"

आता थोडं विषयांतर करते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरात आज हाच गोंधळ चालू असेल, आणि तो अगदीच अनाठायी नसतो.

टिक येण्याआधी बऱ्याच मुलांना चाहूल लागते. शिंकेआधी नाकात हुळहुळतं ना, तसं. मूल टिक थोडा वेळ दाबून धरू शकतं. ती जागा बदलते, महिनाभर गायब होते, परीक्षेत किंवा पाहुण्यांसमोर वाढते, झोपेत बहुतेक शांत होते. आणि टिक चालू असताना मूल पूर्ण शुद्धीत असतं. मान उडवत उडवत "मला भेंडी नको" म्हणू शकतं.

फिट अशी दाबून धरता येत नाही. पण प्रत्येक फिट माणसाला जमिनीवर पाडतेच असंही नाही, आणि आयांची तारांबळ होते ती इथं. एका प्रकारात मूल वाक्याच्या मध्येच थांबतं, पाच-दहा सेकंद शून्यात बघतं, दंडाला हात लावला तरी परत येत नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढं बोलू लागतं. दिवसातून कितीतरी वेळा. दुसऱ्या एका प्रकारात झोपेत तोंड एका बाजूला ओढलं जातं, लाळ गळते, बोलायचं असून शब्द फुटत नाही. किशोरवयात सकाळी उठल्या उठल्या हात उडून ब्रश नाहीतर कप खाली पडतो, आणि घरचे म्हणतात वेंधळा आहे. यातलं काही दिसलं तर समुपदेशकाकडं येऊ नका, थेट डॉक्टरांकडं जा. क्वचित टिक्स आणि फिट्स एकाच मुलात असतात, तेव्हा स्वतःच निदान करून मोकळं होऊ नका. जाताना व्हिडिओ घेऊन जा. चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असा, आणि मध्ये मुलाला नावानं हाक मारलेली ऐकू येईल असा. ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिट नाहीच असं सिद्ध होत नाही. आणि उलट, कधीही फिट न आलेल्या काही मुलांच्या आलेखातही खुणा दिसतात. म्हणून चांगला डॉक्टर कागदाआधी तुमचं ऐकून घेतो.

तर अथर्व. त्याच्याशी बोलायला मी खडू-कागद काढले. आई बाजूच्या खुर्चीत होती.

"मान उडायच्या आधी तुला काही कळतं का रे?"

"हो." त्यानं बोट मानेमागं, केस संपतात तिथं ठेवलं. "शर्टाचं लेबल टोचतं ना, तसं होतं. असं केलं की जातं."

"कायमचं?"

"नाही. परत येतं."

"शाळेत जास्त टोचतं की घरी?"

"घरी. आईचं पेन वाजलं की." तो ट्रॅक्टरचं चाक रंगवत होता, वर बघितलंही नाही. "टक्."

बटणाचं पेन होतं ते. लाल. आईच्या हातातच होतं. तिनं ते पर्समध्ये टाकलं, आणि मग पर्सची चेन लावली.

कुणाला वाटेल, गोष्ट इथं संपली. मलाही क्षणभर वाटलं. आईनं बघणं बंद करावं, टिक्स निम्म्या होतील, असं सांगून घरी पाठवावं. पण मागच्या चुकीनं शहाणं केलं होतं. दोन ईईजी आणि एक एमआरआय जी भीती घालवू शकले नाहीत, ती रिपोर्टात नव्हतीच. मी ज्या पठडीत शिकले तिथं आम्ही घटनेपाशी फार रेंगाळत नाही. त्या घटनेला माणूस मनातल्या मनात काय म्हणतो, ते शोधतो. पुढच्या वेळी मी आईला एकटीला बोलावलं.

"समजा, उद्यापासून तुम्ही मोजलंच नाही. काय होईल?"

"एखादा खरा सुटेल."

"खरा म्हणजे?"

"खरा म्हणजे... मला यायचा तसला."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. बाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि गप्प राहिले. आमच्या कामात गप्प राहणं सगळ्यात उशिरा येतं. मला यायला पंधरा वर्षं लागली.

मग तिनं सलवारची कड घोट्यापासून चार बोटं वर घेतली. पोटरीवर रुपयाएवढा गोल, गुळगुळीत डाग. बिब्ब्याचा. तीन-चार वर्षांची असताना तापात दोनदा फिट आली होती. आजीनं कांदा फोडून नाकाशी धरला, चप्पल हुंगवली, आणि दुसऱ्या वेळी चटका दिला. तिला स्वतःला यातलं काहीच आठवत नाही, सगळं आईकडून ऐकलेलं. आठवतं ते २०१२ सालचं, लग्नाआधीच्या रात्रीचं. आईनं बजावलं होतं, "सासरी याचा शब्द काढायचा नाही. चुलीचं लाकूड लागलं म्हणायचं."

"यांना अजून तेच माहीत आहे," ती म्हणाली. "आणि सासूबाई रोज म्हणतात, आमच्यात कुणाला नाही असलं."

त्या आईला तरी काय दोष द्यायचा? हिंदू विवाह कायद्यातच १९७६ पासून वारंवार फिट येणं हे लग्नाच्या आड येणारं कारण म्हणून लिहिलेलं होतं. १९९९ साली ते काढलं. म्हणजे हिच्या लग्नाआधी तेरा वर्षं. पण कायदा दिल्लीत बदलतो, स्थळं बघणाऱ्या मावश्यांच्या बैठकीत पोचायला त्याला वेळ लागतो.

अथर्वच्या उशाशी रोज रात्री ती एक कांदा ठेवत होती, हेही त्याच दिवशी कळलं. सासूनं विचारलं तर "झोप चांगली लागते" म्हणायची.

तिला मी काय सांगितलं ते अगदी साधं होतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात येणारी फिट ही वेगळी गोष्ट आहे. अशा बहुसंख्य मुलांना पुढं फेफऱ्याचा आजार होत नाही, आणि तुमचीच तीस वर्षं त्याची साक्ष आहेत. तुमच्या त्या दोन फिट्समधून अथर्वच्या मानेत काही उतरलेलं नाही. आणि कांदा भाजीत घाला. खरोखर कुणाला फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच दुसरी आली, तर दवाखाना. पहिलीच असेल तर थांबली तरी दाखवायचं.

नवऱ्याला सांगा, असं मी म्हटलं नाही. ते तिचं होतं. मी एवढंच सुचवलं की टिक्सबद्दल सगळ्यांनी एकदा एकत्र ऐकावं.

सगळे आले. सासूबाईंनी बसता बसता सुरुवात केली, "आमच्यात कुणाला न्हाई बाई असलं." शेजारी अण्णा, म्हणजे अथर्वचे आजोबा. त्यांनी घसा खाकरला, नाक वर ओढलं, डावा खांदा उडवला. दहा मिनिटांत चारदा. अथर्व टक लावून बघत होता, हसू दाबत. मी म्हटलं, टिक्स बऱ्याचदा घराण्यात चालत येतात. वडील हळूच म्हणाले, "अण्णांचं ते तपकिरीमुळं आहे, असं आम्ही समजत होतो." अण्णांनी तपकीर सोडून वीस वर्षं झाली होती.

खरं सांगू? त्या क्षणी मला आत कुठंतरी बरं वाटलं. झाली परतफेड. लगेच जीभ चावली. दोष एका घराण्यातून उचलून दुसऱ्यात ठेवायला मी तिथं बसलेली नव्हते. अण्णांना विचारलं, "त्रास होतो का तुम्हाला?" म्हणाले, "कशाचा?"

पुढची कामं मग सोपी होती. घरात "झटका" शब्द बंद. अथर्वनं स्वतःच नाव शोधलं, "टोचणी". "आत्ता टोचणी आली होती," असं तो सांगायचा. "थांबव", "करू नको" हे बंद. टिककडं दुर्लक्ष करायचं, मुलाकडं नाही. वर्गशिक्षिकेला एक पत्र दिलं, की तो मुद्दाम करत नाही, आणि फार झालं तर पाणी प्यायला बाहेर जाऊ द्या. आणि टोचणी जाणवली की मान झटकण्याऐवजी हनुवटी किंचित खाली घेऊन मान हलकेच ताठ धरायची, टोचणी ओसरेपर्यंत, हा सराव. औषधाचं नाव निघालं की लोक या सरावाला हलकं लेखतात म्हणून सांगते, २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी तालीम मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मुलं चांगली सुधारली. नुसती माहिती आणि धीर मिळालेल्यांत पाचातलं एकही पुरतं नाही. फार त्रासदायक टिक्सना औषधं असतात, ती डॉक्टर ठरवतील. अथर्वला लागली नाहीत. टिक्सचा जोर बहुतेकदा दहा-बाराच्या आसपास सर्वांत जास्त असतो, म्हणजे त्याचा चढ अजून यायचाय, हेही मी लपवलं नाही. पुढं बऱ्याच मुलांच्या टिक्स ओसरतात.

नवऱ्याला तिनं सांगितलं. छाटणीच्या दिवसांत, बागेत. तो कात्री थांबवून म्हणाला म्हणे, "चुलीचं लाकूड इतकं गोल भाजत नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं." आणि पुन्हा छाटायला लागला.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. मागं ट्रॅक्टर चालू होता, ओरडून बोलत होती.

"मॅडम, नवीन आलंय. घसा. अण्णांसारखं खाकरतो."

"किती वेळा होतं साधारण?"

"मोजलं नाही."

"तरी, दिवसातून?"

"मॅडम, मोजलं नाही म्हटलं ना."