सायनसच्या म्युकोसीलने डोळा सरकला असेल तर ऑपरेशन नाकातून का करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा उजवा डोळा वर्षभरात हळूहळू खाली आणि बाहेरच्या बाजूला सरकला, सीटीत फ्रंटो-एथमॉइडल म्युकोसील (कपाळातल्या आणि डोळा-नाकामधल्या सायनसमध्ये, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळीत, स्राव साचून फुगलेली पिशवी) निघालं आणि ईएनटी सर्जन डोळ्याला हात न लावता दुर्बिणीने नाकातून ऑपरेशन करू म्हणतात. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायला नको का?

जा, पण तपासणीसाठी. ऑपरेशनची जागा नाकच, कारण मूळ दुखणं डोळ्यात नाहीच. कपाळातल्या सायनसचा निचरा एका अरुंद वाटेने नाकात होतो. जुना मार, आधीचं ऑपरेशन, पॉलिप (नाकातला मऊ कोंब) किंवा रेंगाळलेली सूज यांनी ती वाट बुजते. आतलं अस्तर मात्र चिकट स्राव तयार करतच राहतं. पिशवी फुगते आणि भोवतालचं हाड झिजवते. डोळ्याच्या खोबणीची नाकाकडची भिंत मुळातच कागदासारखी, तीच आधी हार मानते. पिशवी वर आणि आतल्या कोपऱ्यात, म्हणून डोळा खाली आणि बाहेर.

ही दिशा नीट बघा, तिच्यावरून बरंच कळतं. गालाच्या सायनसमधलं म्युकोसील डोळा वर ढकलतं. थायरॉइडच्या आजारात तो बहुधा सरळ पुढे येतो आणि वरची पापणी ओढल्यासारखी दिसते. याउलट गालाचं सायनस बंद पडून आत आक्रसलं, तर खोबणीचा तळ खचतो आणि डोळा आत व खाली जातो. याला 'सायलेंट सायनस सिंड्रोम' म्हणतात. त्यात नाकाची तक्रार जवळजवळ नसते, म्हणून रुग्ण चष्म्याच्या दुकानापासून सुरुवात करतो.

डोळ्याच्या डॉक्टरांकडून ऑपरेशनआधी नजर, लाल रंग दोन्ही डोळ्यांना सारखा दिसतो का, बाहुलीची प्रतिक्रिया, डोळ्याची हालचाल आणि हर्टेल मापकाने पुढे आलेपणा लिहून घ्या. दोन डोळ्यांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तो दखल घेण्याजोगा. सीटीमध्ये हाड कुठे उरलंय ते दिसतं. मेंदूकडचं हाड झिजलं असेल किंवा गाठीची शंका असेल तर एमआरआयही लागतो. स्राव फार घट्ट झाला असेल तर एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात तो इतका काळा दिसतो की सायनस रिकामं वाटावं. म्हणून दोन्ही स्कॅन शेजारी ठेवूनच वाचायचे. कोपऱ्यातल्या फुगवट्यात सुई घालून पाणी काढून देणारा कोणी भेटला तर नको म्हणा. पिशवी पुन्हा भरते आणि जंतू आत जातात. वाफ, नस्य, स्टेरॉइड स्प्रे यांनीही ती विरघळत नाही.

ऑपरेशनमध्ये पिशवी सोलून काढत नाहीत. तिचं अस्तर डोळ्याच्या किंवा मेंदूच्या आवरणाला चिकटलेलं असू शकतं. ओढलं तर ते फाटायचं. तिचं तोंड नाकात शक्य तेवढं रुंद उघडतात, की अस्तर नाकाचाच भाग होऊन जातं. सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: म्युकोसील बाहुलीवरून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या बाहेर, कानाकडच्या बाजूला, किती गेलंय? फार बाहेर असेल तर नुसत्या दुर्बिणीला ते गाठता येत नाही आणि भुवईत किंवा पापणीच्या घडीत छोटा छेद जोडावा लागतो. झिजलेलं हाड बहुधा भरून काढावं लागत नाही.

नंतर सुमारे २ आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. खोबणीची भिंत उघडी असताना जोर केला की हवा पापणीत शिरते. नाक धुण्यासाठी २४० मिली उकळून गार केलेलं पाणी, अर्धा चमचा आयोडीनविरहित मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. नळाचं पाणी थेट वापरू नका. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते कधी थांबवायचं हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील, तुम्ही नाही.

डोळा बहुतेकदा काही आठवड्यांत जागेवर येतो. दोन-दोन दिसणं त्यानंतरही थोडं राहिलं तरी तिरळेपणाच्या ऑपरेशनची घाई करू नका, काही महिने थांबून मोजमाप स्थिर होऊ द्या. केलेली वाट वर्षांनंतरही पुन्हा बुजू शकते, म्हणून दुर्बिणीची तपासणी सोडू नका.

तारखेची वाट बघताना पापणी लाल होऊन सुजली, ताप आला, डोळा हलवताना दुखलं किंवा नजर अंधुक झाली, तर साचलेल्यात पू झालाय किंवा डोळ्याच्या नसेवर दाब आलाय असं समजून त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या. मधुमेह असेल आणि गाल बधिर झाला किंवा नाकात काळी खपली दिसली, तर म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, शंका घेतात. २०२१ साली महाराष्ट्राने ही बुरशी भरपूर पाहिली आहे. तिथे तासांचा हिशेब असतो.