पंखा विकत घेण्याआधी

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘बाई, होवरक्राफ्टसाठी कोणता पंखा घेऊ?’ एवढंच तू विचारलं आहेस, पण उत्तर लांबणार आहे. होवरक्राफ्ट म्हणजे खाली कोंडलेल्या हवेच्या दाबावर तरंगणारं यान, म्हणून पंख्याच्या आधी एक प्रश्न येतो : तुझ्या होवरक्राफ्टला दाब किती लागणार? तो आकडा हातात नसताना दुकानात गेलीस, तर दुकानदार देईल तो पंखा घेऊन येशील. यानाचा तळ असलेला पाट जागचा हलला नाही, की त्याहून मोठा पंखा आणशील. त्याचं वजन जास्त, म्हणून बॅटरी मोठी लागेल, आणि बॅटरी वाढली की पुन्हा पाट जमिनीला चिकटेल. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत या फेऱ्यात अडकलेली मुलं मी दरवर्षी पाहते. मेहनत भरपूर असते त्यांची, पण कुठे अडलं आहे तेच कळलेलं नसतं.

आधी गणित कर. समज, थर्माकोलचा पाट 40 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद आहे. मोटर, पंखा, बॅटरी, वायर सगळं धरून काट्यावर 500 ग्रॅम भरले. म्हणजे वजन 4.9 न्यूटन आणि क्षेत्रफळ 0.12 चौरस मीटर. भागाकार केलास की दाब येतो जवळपास 41 पास्कल; पास्कल हे दाबाचं एकक. वातावरणाचा दाब लाख पास्कलच्या वर असतो, त्यापुढे हे 41 काहीच नाहीत. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर जेमतेम 4 मिलिमीटर उंचीचं पाणी.

आकडा छोटा आहे, अवघड आहे ते तो टिकवणं. पाट 2 मिलिमीटर उचलला गेला, की चारही बाजूंनी हवा निसटायला लागते. घेर 1.4 मीटर, फट 2 मिलिमीटर, म्हणजे 28 चौरस सेंटिमीटरचं भोक सतत उघडं. 41 पास्कल दाबाखाली त्यातून हवा सेकंदाला सुमारे 8 मीटर वेगाने बाहेर पडते. फटीतून निघताना झोत आकसतो, तो हिशेब धरला तरी दर सेकंदाला साधारण 14 लिटर हवा जाते. तेवढी हवा आत येत राहिली पाहिजे, आणि तीही 41 पास्कल दाबाने.

आता एक गंमत बघ. वजन तेच ठेवून पाट 60 बाय 40 केलास तर? क्षेत्रफळ दुप्पट, म्हणून दाब निम्मा, साधारण 20 पास्कल. घेर वाढून 2 मीटर झाला खरा, पण दाब कमी म्हणून हवा सावकाश निसटते. गणित करून बघ, हवेची गळती पुन्हा सेकंदाला 14 लिटरच्याच आसपास येते. हवा तेवढीच आणि दाब निम्मा. थर्माकोल हलका असल्यामुळे पाट वाढवल्याने वजनात फार भर पडत नाही. म्हणून माझं मत विचारशील तर मोठा पंखा शोधण्यापेक्षा पाट मोठा कर. स्पर्धेच्या नियमांत आकाराची मर्यादा दिली असेल तर तिच्या अगदी कडेपर्यंत जा.

दुकानात पंखा दाखवताना तो हवा किती फेकतो एवढंच सांगतात, आणि तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. संगणकातला साधा, हळू फिरणारा पंखा तोंडावर वारा छान देतो, पण त्याची वाट पूर्ण बंद केली तरी आत 20-30 पास्कलच्या पुढे दाब साठत नाही. तुला 41 हवे असतील तर तो रात्रभर फिरवलास तरी पाट उचलणार नाही. पिंजऱ्यासारखं चाक असलेला, हवा मधून ओढून कडेने फेकणारा ब्लोअर त्याच आकारात जास्त दाब देतो. पण तोसुद्धा माझ्या शब्दावर घेऊ नकोस. मोजून घे.

मोजायला बुटाचं रिकामं खोकं पुरतं. शाळेच्या प्रयोगशाळेतून किंवा ओळखीच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडून पंखा तात्पुरता मागून आण. खोक्याच्या झाकणात त्याच्या मापाचं भोक पाडून तो बसव आणि सगळे सांधे चिकटपट्टीने बंद कर. खोक्याच्या दुसऱ्या बाजूला 7 सेंटिमीटर बाय 4 सेंटिमीटरची खिडकी काप. म्हणजे बरोबर 28 चौरस सेंटिमीटर, तुझ्या पाटाखालच्या फटीएवढी. आता पंखा चालू करून खोक्यातला दाब बघ. खिडकी उघडी असतानाही 41 पास्कल टिकले, तर हा पंखा तुझा पाट 2 मिलिमीटरच्या आसपास उचलेल. टिकले नाहीत, तर खिडकीवर पुठ्ठा सरकवत ती लहान कर आणि दाब 41 ला कधी पोहोचतो ते बघ. जेवढी खिडकी उरली तेवढीच फट तुला मिळणार. एक रुपयाही खर्च न करता पंख्याची परीक्षा झाली.

राहिलं दाब मोजायचं साधन. ते तू स्वतः बनव. या सगळ्या प्रकल्पात मला सगळ्यात आवडणारी वस्तू तीच आहे. उभ्या यू-नळीत 4 मिलिमीटर पाणी डोळ्यांनी नीट वाचता येत नाही, म्हणून नळी तिरकी ठेवायची. प्लास्टिकच्या रुंद बाटलीच्या बुडाजवळ भोक पाड, माशांच्या टाकीला लागते ती पारदर्शक नळी त्यात घाल आणि एम-सील लाव. बाटलीत शाई टाकलेलं पाणी भर. नळी एका फळीवर चिकटव आणि ती फळी अशी ठेव, की दर 10 सेंटिमीटरला ती 1 सेंटिमीटर वर चढेल. पाणी फळीच्या मधोमध कुठेतरी थांबलं पाहिजे. बाटलीच्या झाकणातून दुसरी नळी खोक्यात न्यायची. खोक्यात दाब वाढला की फळीवरचं पाणी पुढे सरकतं, आणि प्रत्येक सेंटिमीटरचे 9.8 पास्कल. 41 पास्कलला ते 4 सेंटिमीटरहून थोडं जास्त सरकेल. पट्टीने आरामात वाचता येतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाक, म्हणजे ते नळीला अडकत नाही. आणि दर वेळी पंखा बंद असताना पाणी कुठे आहे ते आधी लिहून ठेव.

होवरक्राफ्टचा जनक मानला जाणारा ख्रिस्तोफर कॉकरेल याने 1955 मध्ये मोठं काही बांधलं नव्हतं. त्याने एक पत्र्याचा डबा दुसऱ्यात बसवला, दोघांच्या मधल्या गोल फटीतून हवा खाली फेकली, आणि तो झोत स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर किती जोर देतो ते पाहिलं. नुसत्या मोकळ्या झोतापेक्षा जोर जास्त भरला आणि तिथून पुढचं सगळं घडलं. त्याच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या एसआर-एन-1 या होवरक्राफ्टने 25 जुलै 1959 रोजी कॅले ते डोव्हर अशी इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा कॉकरेल स्वतः त्यावर होता. तोल साधायला तो इकडून तिकडे सरकत होता, म्हणतात. त्या यानाला तेव्हा स्कर्ट, म्हणजे हवा अडवायला कडेने खाली सोडलेला घेर, नव्हता. लवचीक स्कर्ट आला आणि मग लाटा आणि खडबडीत जमीन आवाक्यात आली. आपलं तटरक्षक दल आज उथळ पाण्यात आणि चिखलात जी होवरक्राफ्ट वापरतं, त्यांच्याखाली तो फुगीर काळा घेर दिसतो ना, तोच.

तुलाही स्कर्ट लावायचा आहे असं लिहिलंस. जरूर लाव, पण आधी बिनस्कर्टचे आकडे वहीत आले पाहिजेत. नाहीतर स्कर्टने काय फरक पडला हे कशावरून सांगशील? कापड म्हणून जुन्या छत्रीचं उत्तम. हलकं असतं आणि हवा फारशी झिरपू देत नाही.

उंची मोजायला वहीचे कागद पुरतात. पाट तरंगत असताना कडेखाली एकेक कागद सरकवत जा. साध्या छपाईच्या कागदाची जाडी 0.1 मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे पाट न घासता दहा कागद आत गेले तर साधारण 1 मिलिमीटर. चारही कोपऱ्यांशी मोज. एका कोपऱ्याशी कमी भरले तर तोल तिकडे झुकला आहे, बॅटरी सरकव. बॅटरी पाटाला कायमची चिकटवू नकोस असं म्हणते ते याचसाठी.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्यांच्यावरून रडारड होते. थर्माकोलला फेविक्विक किंवा वासाचा रबरी गोंद लावलास तर तो खड्डे पाडत आत जातो. पांढरा फेविकॉल वापर आणि रात्रभर सुकू दे. 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या नादी लागू नकोस, तिला मोटरचा विद्युतप्रवाह झेपत नाही. लिथियम सेल वापरणार असशील तर त्याच्या योग्य चार्जरनेच आणि कुणी मोठं माणूस समोर असतानाच चार्ज कर. पात्यावर जाळी हवीच. पुढे ढकलायला मागे आणखी एकच पंखा लावलास आणि यान गोल फिरायला लागलं तर घाबरू नकोस, त्या पंख्याचा जोर मधोमध नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि प्रत्येक चाचणीआधी बॅटरीचा व्होल्टेज मल्टिमीटरने बघून वहीत लिही. सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे जुळत नाहीत ते बहुतेक वेळा त्यामुळेच.

जमिनीचंही बघ. घरी गुळगुळीत टाइलवर उडणारं यान शाळेच्या शहाबादी फरशीवर बसून राहतं, कारण दोन फरशांच्या सांध्यातून हवा पळते. प्रदर्शनात तर टेबलावर कापड घातलेलं असतं आणि टेबल एका बाजूला उतरतं असतं. म्हणून तुझा स्वतःचा गुळगुळीत प्लायवूडचा तुकडा, गवंड्याकडची छोटी पाणसळ आणि टेबलाच्या पायाखाली घालायला पुठ्ठ्याच्या चकत्या सोबत ने. तरंगणारं यान जरासा उतार मिळाला तरी घसरत जातं.

परीक्षक बहुधा विचारतील, ‘हे का उचललं जातं?’ ‘पंखा हवा खाली ढकलतो म्हणून’ हे उत्तर तिथे रोज ऐकू येतं. तसं असतं तर स्कर्ट फाटल्यावरही ते उचललं गेलं असतं, पंखा तेवढीच हवा ढकलतोय की! पाटात बारीक भोक पाडून तिरक्या नळीचं टोक तिथे बसव आणि यान चालू असताना त्यांच्यासमोर खालचा दाब वाच. त्याला क्षेत्रफळाने गुण आणि वजनाशी ताडून दाखव. कडेजवळ दाब थोडा कमी असल्याने उत्तर तंतोतंत जुळणार नाही. फरक किती आला आणि तुझ्या मते का आला तेही सांग. मी परीक्षक असते तर त्या एका उत्तरासाठी तुझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले असते. रंगरंगोटी आणि एलईडीच्या माळा मात्र राहू देत. वजन वाढतं आणि वेळही जातो.

इन्स्पायर मानकचं, म्हणजे शाळकरी मुलांच्या कल्पनांना पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचं, विचारलंस. निवड झाली तर 10,000 रुपये खात्यात येतात हे खरं, पण तिथे नवी कल्पना मागतात. नुसतं होवरक्राफ्ट 1959 पासून जगाला माहीत आहे. तिरकी नळी आणि बुटाचं खोकं घेऊन कुठल्याही शाळेत पंखा पारखता येईल असा संच तू नीट बसवलास, तर त्याचं नाव देता येईल का, यावर सरांशी बोल. मला तरी त्यात दम दिसतो.

तोवर खोक्याची चाचणी करून टाक. निदान दोन वेगळे पंखे घे, दोघांसाठी खिडकीची चार-पाच मापं घे आणि आलेख काढ : आडव्या अक्षावर खिडकीचं क्षेत्रफळ, उभ्यावर दाब. आलेखाचा फोटो आणि पाटाचं नेमकं वजन मला पाठव. पंखा कोणता घ्यायचा ते मग दोघी मिळून ठरवू.

तुझी,
बाई