जवळा हुलकावणी का देतो?

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचं घर हर्णै बंदराच्या जवळ. आबा चाळीस वर्षं समुद्रावर जातात. ते म्हणतात, पूर्वी उधाण-भांग (मोठी भरती आणि लहान भरती) बघून जवळा कधी लागेल ते सांगता यायचं. आता एखाद्या वर्षी टोपल्या ओसंडतात आणि पुढच्या वर्षी सुकवायलासुद्धा पुरत नाही. हवामान बदलल्यामुळे समुद्रातले सूक्ष्म प्राणीच कमी झालेत, असं मी वाचलं. हे खरं का? आणि किती कमी झालेत?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आबांचं निरीक्षण खरं आहे. तुम्ही वाचलेलं वाक्य मात्र अर्धं आहे. राहिलेला अर्धा भाग सांगते, कारण खरी गोम तिथेच आहे.

पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध ज्यांना जाता येत नाही, प्रवाह नेईल तिकडे जे जातात, ते प्लवक. त्यातले प्राणी म्हणजे प्राणिप्लवक. तुमचा जवळा हा या मंडळींतला मोठ्या चणीचा. बाकीची गर्दी असते ती कोपेपॉडची. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवत होते तेव्हा मिरकरवाड्याहून होडी काढून आम्ही शंकूसारखं बारीक जाळं ओढायचो. जाळ्याच्या टोकाच्या बाटलीत जमायची ती पेजेसारखी गुळगुळीत, किंचित गुलाबी लापशी. तिचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की डोक्याच्या मधोमध एकच लाल डोळा असलेला, दोन लांब मिशा दोन्ही बाजूंना पसरलेला जीव झटका मारून नजरेआड व्हायचा. काही माद्यांच्या शेपटीशी अंड्यांच्या पिशव्या लोंबत असायच्या. पहिल्यांदा बघणारी पोरं हात लावायलासुद्धा घाबरायची. बांगड्याच्या, तारलीच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचा पहिला घास म्हणजे याच जिवांची पिल्लं.

आता ‘किती कमी झालेत’. एका वर्षी आमच्या बाटलीत ऐवज निम्म्याच्याही खाली आला. सगळ्यांचे चेहरे उतरले. मग वही तपासली. आदल्या वर्षीचं जाळं अंधार पडल्यावर ओढलेलं होतं, या वर्षीचं टळटळीत दुपारी. यातले पुष्कळ जीव दिवसा खोल जातात आणि रात्री चरायला वर येतात. समुद्र तोच, महिना तोच. वेळ बदलली आणि आकडा पडला. तेव्हापासून कुणी एकच टक्केवारी सांगितली की मी आधी विचारते : दिवसा की रात्री, किती वाव खोल पाण्यात, कोणत्या महिन्यात?

आपल्या किनाऱ्यावर वर्षाचा ताल पावसाळा ठरवतो. नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो आणि खोलातलं थंड, खतासारख्या क्षारांनी भरलेलं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागाकडे सरकू लागतं. केरळात ते थेट वर येतं. आपल्याकडे तसं होत नाही. सह्याद्रीवरून वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, सावित्री गोडं पाणी आणून ओततात, आणि त्या हलक्या पाण्याचा थर झाकणासारखा वर बसतो. खालचं पाणी वर यायला अडतं. त्यात प्राणवायूही कमी असतो. ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरात तर फारच कमी. म्हणून प्लवकांना खाली उतरायला जागा उरत नाही, सगळे वरच्या पातळ थरात दाटतात. पुढे प्रवाह उलटतो, समुद्र सावकाश ढवळतो, आणि प्राणवायू परत येतो.

हे नीट समजून घ्या, कारण हवामानाची चढउतार याच झाकणावर काम करते. पाऊस उशिरा आला, एकदम ओतला किंवा अर्ध्यावर थांबला, तर झाकण कधी बसतं, किती जाड बसतं आणि कधी उघडतं ते सगळं बदलतं. एल निनोच्या वर्षी प्रशांत महासागर तापतो आणि आपल्याकडचा पाऊस बहुधा दुबळा पडतो. 2015 साली देशभराचा पावसाळा सरासरीच्या 86 टक्क्यांवरच थांबला होता. अशा वर्षी खाडीतलं पाणी खारट राहतं आणि उघड्या समुद्रातले कोपेपॉड आतपर्यंत शिरतात. धो धो पावसाच्या वर्षी खाडी गोडी होते, खाऱ्या पाण्यातले बाहेर ढकलले जातात, आणि गोड-खारं दोन्ही सोसणारे थोडेच प्रकार, उदाहरणार्थ अकार्टिया, आत टिकतात. संख्या कधी कधी सारखीच दिसते. पण कोण आहेत ते बदललेलं असतं. बारीक, चिवट कोपेपॉडनी भरलेली खाडी आणि मोठ्या, तेलकट कोपेपॉडनी भरलेली खाडी माशाच्या पिल्लाला सारखी नाही. एकीत घासभर खायला शंभर झेपा, दुसरीत दहा. (आकडे अक्षरशः घेऊ नका, मर्म घ्या.)

त्यात भर पाण्याच्या उष्णतेची. पाणी तापलं की वरचा थर हलका होतो, ढवळणं कमी होतं, खालचे क्षार वर पोचत नाहीत. मग मोठ्या शेवाळपेशींच्या जागी बारीक पेशी येतात आणि त्यांच्यावर जगणारेही बारीकच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत वनस्पतिप्लवक 20 टक्क्यांपर्यंत घटले. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा यावरच बेतलेली असावी. पण हा हिशेब मोठ्या समुद्रातल्या वनस्पतींचा आहे; दाभोळच्या खाडीतल्या प्राण्यांना तोच आकडा लावणं मला पटत नाही.

आणि वादळं. 2019 च्या ऑक्टोबर अखेरीस ‘क्यार’ आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं, पाठोपाठ ‘महा’ आलं. वादळ समुद्र घुसळतं, थंड पाणी वर काढतं. काही दिवसांत शेवाळ फोफावतं आणि त्याच्या मागोमाग प्राणी वाढतात. उबदार पाण्यात कोपेपॉडची पिढी साधारण दोन-तीन आठवड्यांत तयार होते, त्यामुळे अन्न आलं तरी खाणारे लगेच येत नाहीत. मधल्या दिवसांत अंड्यातून निघालेलं माशाचं पिल्लू उपाशी राहतं. तुमच्या आबांच्या तक्रारीचं मूळ मला इथे दिसतं. जवळा आटला म्हणण्यापेक्षा त्याचं वेळापत्रक मोडलं. उधाणाची तिथी पंचांगात आहे, पण त्या तिथीला पाणी कसं असेल ते पंचांगात नाही.

केरळची तारली बघा. 2012 मध्ये जवळपास 4 लाख टन मिळाली, 2021 मध्ये साडेतीन हजार टनही नाही. तिथले मत्स्यशास्त्रज्ञ यात एल निनोचा हात आहे असं सांगतात.

तुम्ही एक करा. आबांकडून आजपासून वही लिहवून घ्या, ते सांगतील आणि तुम्ही लिहा : जवळा लागला ती तारीख, तिथी, पाण्याचा रंग, वारा मतलई की खारा, शेवटचा पाऊस कधी. मासळीच्या पोटातलंही लिहा. बांगडा चिरताना त्याच्या पोटात लालसर लगदा निघतो की हिरवट. युरोपात 1931 पासून मालवाहू जहाजांच्या मागे यंत्र बांधून प्लवक मोजतात, म्हणून त्यांना चांगलं वर्ष कुठलं आणि वाईट कुठलं ते कळतं. आपल्याकडे 1960 ते 65 च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत ढिगाने नमुने गोळा झाले, कोचीला ते निवडून ठेवले गेले, आणि 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय गोव्यात, दोना पावलाला. तरीही प्रत्येक खाडीत दर महिन्याला जाळं पडत नाही. तुमची वही तिथे उपयोगी पडेल.

जाळं हवं असेल तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून त्यांची बारीक जाळी मीटरभर घ्या, शंकू शिवा, तोंडाला तारेचं कडं, टोकाला औषधाची बाटली. खडकावरून नको, होडीतूनच ओढा.

प्रश्न : डिसेंबरमध्ये रात्री लाटा निळ्या चमकतात. यालाच प्राणिप्लवक म्हणतात का? मुलं पाण्यात हात घालतात, चालेल ना?
– एक वाचक, देवगड

उत्तर : बहुधा तो नॉक्टिलुका. एका पेशीचा जीव, पण साबुदाण्याच्या दाण्याचा बारका भाऊ म्हणावा एवढा, नीट बघितलं तर डोळ्यांना दिसतो. दुसऱ्याला खाऊन जगतो, म्हणून त्याला प्राणिप्लवकातही मोजतात. पाणी हललं की चमकतो. शेवाळ खातोच, शिवाय कोपेपॉडची अंडीही गिळतो. म्हणजे चमक फार वाढली की पुढच्या पिढीचे कोपेपॉड घटू शकतात. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात त्याचे हिरवे गालिचे गेल्या वीस-पंचवीस वर्षांपासून नोंदवले जात आहेत.

मुलांनी हात घातला तर भिण्यासारखं काही नाही, नंतर गोड्या पाण्याने धुवा. पण दिवसा त्याच पाण्यावर दाट लालसर किंवा हिरवा तवंग दिसला, वास सुटला किंवा मेलेले मासे किनाऱ्याला लागले, तर त्या दिवशी पाण्यात उतरू देऊ नका. आणि नुसत्या लाटा चमकतात त्या रात्री बादलीभर पाणी काढून अंधाऱ्या खोलीत ठेवा, काठीने ढवळा. मी रत्नागिरीत मांडवीला पहिल्यांदा असं केलं तेव्हा काठीची आख्खी वाट निळी उमटली होती, आणि ती मिटायच्या आत माझ्या विद्यार्थिनीने दुसऱ्यांदा बादलीत हात घातला होता.